वादळ वेळेवर आले, बंदी उशिरा

नाताळच्या आठवड्यात गोव्यातील कितीतरी घरांतून टोरंटोला, मिसिसॉगाला, न्यू जर्सीला फोन लागतात. शुभेच्छा देऊन झाल्या, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : 'तिकडे बर्फ पडला का?' प्रश्न हौसेचा असतो. ज्यांनी बर्फ शुभेच्छापत्रावरच पाहिला, त्यांच्या लेखी तो नाताळच्या सजावटीचा एक भाग. डिसेंबर 2022 मध्ये मात्र टोरंटोपासून मोटारीने जेमतेम दोन तासांवर, नायगारा नदीच्या पलीकडच्या काठावर वसलेल्या बफेलो शहरात आणि त्याच्या परिसरात ऐन नाताळात 47 माणसे हिमवादळाने नेली. हे अमेरिकेतील असे शहर आहे, की जिथे बर्फाचे कौतुक शाळकरी मुलांनाही उरलेले नाही. बर्फ उपसणारी यंत्रे, रस्त्यावर टाकायचे मीठ, जाड कपडे, अनुभव, सारे काही होते. हवामान खात्याचा अंदाज चुकला नव्हता. उलट 'पिढीतून एकदा येणारे वादळ' अशा शब्दांत त्याने कित्येक दिवस आधी बजावले होते. मग इतकी माणसे का गेली?

या प्रश्नाचे उत्तर ढगांत जितके सापडते, त्याहून अधिक ते कारखान्याच्या आणि दुकानाच्या हजेरीपटात सापडते. पण आधी ढगांकडे पाहू.

बफेलो हे ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला आहे. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरील पाच महासरोवरांपैकी ईरी सर्वांत उथळ. सरासरी खोली सुमारे 19 मीटर. नैऋत्येकडून ईशान्येकडे ते सुमारे 390 किलोमीटर लांब पसरलेले आहे. डिसेंबरात त्याचे पाणी सहसा गोठलेले नसते. उत्तरेकडील हाडे गोठवणारी कोरडी हवा या तुलनेने उबदार पाण्यावरून वाहू लागली, की ती वाफ उचलते, वर चढते, थंडावते आणि काठावर पोचताच बर्फाच्या रूपाने ती वाफ ओतून देते. आपल्याकडे अरबी समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीला थडकला की आंबोलीच्या घाटात जे होते, त्याचेच हे थंड प्रदेशातील भावंड म्हणावे. फरक एवढाच, की येथे वाफेला वर ढकलण्याचे काम डोंगर करतो, तेथे मुख्यतः पाणी आणि हवा यांच्या तापमानातील तफावत करते. वारा नैऋत्येचा असेल, तर त्याला सरोवराची संपूर्ण लांबी मिळते. आणि त्या लांबीच्या टोकाला बफेलो उभे असते.

23 डिसेंबर 2022 रोजी या नेहमीच्या खेळात एक फार मोठे चक्रीवादळी क्षेत्र मिसळले. अमेरिकेच्या मध्यभागातून ईशान्येकडे सरकताना त्याच्या केंद्रातील हवेचा दाब इतक्या झपाट्याने घसरला, की बफेलोत वाऱ्याच्या झोतांनी ताशी 110 किलोमीटरचा वेग ओलांडला. इंग्रजीत ज्याला 'ब्लिझर्ड' म्हणतात, त्याची तेथील हवामान खात्याची व्याख्या बर्फाच्या जाडीवर बेतलेली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. सलग तीन तास किंवा अधिक काळ ताशी 56 किलोमीटर वा त्याहून वेगाचा वारा, आणि उडत्या बर्फामुळे 400 मीटरच्या पलीकडचे काही न दिसणे, एवढेच त्या व्याख्येत येते. तीन तास ही किमान अट. बफेलोत ही स्थिती सुमारे 37 तास सलग टिकली. विमानतळावर त्या काही दिवसांत सुमारे 52 इंच, म्हणजे 130 सेंटीमीटरहून अधिक बर्फ साचला. स्वतःच्या मोटारीचे नाक दिसू नये, दार उघडून बाहेर ठेवलेले पाऊल कुठे पडले ते कळू नये, अशी ती अवस्था. सवयीचा बर्फ आणि हे वादळ यांतला भेद येथे होता.

आता हजेरीपट. तो दिवस शुक्रवार होता. रविवारी नाताळ. पगार होऊन खरेदीला निघालेली माणसे, दुकानांत वर्षातली सर्वांत मोठी गर्दी, रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत सुट्ट्यांमुळे आधीच तोकडे मनुष्यबळ. वादळ सकाळी सातच्या सुमारास सुरू होईल असे सांगितले गेले होते, आणि ते साधारण त्याच सुमारास सुरू झाले. ज्या ईरी काउंटीत बफेलो येते (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग समजावा), तेथील प्रशासनाने रस्त्यांवर वाहनबंदी लागू केली ती सकाळी साडेनऊ वाजता. आणि तिची घोषणा त्याच्या तासाभर आधीही झाली नव्हती.

सात ते साडेनऊ. या अडीच तासांत शहरातील पाळी बदलते. रात्रपाळीची माणसे घरी निघतात, दिवसपाळीची कामावर पोचतात. बंदी आदल्या रात्री का लावली नाही, याबद्दल काउंटीचे प्रमुख मार्क पोलोनकार्झ यांनी नंतर दिलेले एक कारण असे, की रात्रपाळीच्या कामगारांना घरी परतण्याची मुभा राहावी. हेतू वाईट म्हणता येणार नाही. निर्णयाची जबाबदारीही त्यांनी स्वतःवर घेतली. पण रात्रपाळीसाठी उघडा ठेवलेला रस्ता दिवसपाळीसाठीही उघडाच राहतो, ही साधी गोष्ट या हिशेबात निसटली. ज्यांना मालकाने 'येऊ नका' असे सांगितले नव्हते, ती माणसे नेहमीप्रमाणे निघाली. साडेनऊला बंदी लागली, तेव्हा ती कामावर होती किंवा वाटेत होती. आणि आता परतणे हाच गुन्हा ठरला होता.

वाहनबंदीला आपण सरकारी हुकूम समजतो. तासावर मजुरी घेणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो त्याच्या रजेचा अर्ज असतो. बंदी नसताना 'वादळ येत आहे, मी येत नाही' असे म्हणणारा कामचुकार ठरतो. बंदी असताना तेच म्हणणारा कायदा पाळणारा ठरतो. दुकानात माल मांडणारी बाई, गोदामातला हमाल, वृद्धांची सेवा करणारी परिचारिका यांच्यापैकी कोणाच्याही हाती अंदाज वाचून स्वतःपुरता निर्णय घेण्याएवढी सत्ता नसते. तो निर्णय त्यांच्या वतीने कोणीतरी, वेळेत घ्यावा लागतो. घरी बसून संगणकावर काम करणाऱ्याला गुरुवारी रात्रीच कळले होते, की उद्या बाहेर पडायचे नाही. ज्याला पोटासाठी बाहेर पडावेच लागते, त्याला ते शुक्रवारी पावणेनऊला कळले.

त्यानंतरचे दोन दिवस बफेलोने जे भोगले, त्याची हकीकत अमेरिकी वृत्तपत्रांतून सविस्तर आली आहे. कामावरून परतणारी एक तरुण रुग्णसेविका गाडीतच अडकली आणि मदत पोचण्यापूर्वी तेथेच गेली. काही जण चालत दुकानाकडे निघाले, ते परतले नाहीत. काहींच्या घरची वीज आणि तिच्यासोबत उष्णतेची सोय गेली. काहींना बर्फ उपसताना हृदयविकाराचा झटका आला. काहींनी रुग्णवाहिका बोलावली. ती येऊ शकली नाही. शहरातील अग्निशमन दलाच्या बहुतेक सर्व गाड्या रस्त्यात रुतल्या होत्या, आणि तातडीच्या हाकेला ओ देणे काही काळ अशक्य झाले होते. सुटका करायला निघालेल्यांचीच सुटका करावी लागत होती. रस्त्यात बेवारस पडलेल्या शेकडो मोटारींमुळे बर्फ उपसणारी यंत्रे पुढे सरकेनात; म्हणजे सकाळी उशिरा निघालेली प्रत्येक गाडी दुपारी रुग्णवाहिकेच्या वाटेतला अडसर बनली. विमानतळ बुधवारी, 28 तारखेला उघडला.

न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 2023 च्या जूनमध्ये या आपत्तीवर अहवाल सादर केला. वाहनबंदी उशिरा लागली, हे त्यात स्पष्ट नोंदवले आहे. मृतांमध्ये कृष्णवर्णीयांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतील प्रमाणाहून बरेच अधिक होते, हेही आहे. वादळाला वर्ण कळत नाही. पण जुनी, वारा आत घेणारी घरे, जवळपास किराणा दुकान नसलेल्या वस्त्या आणि अंगमेहनतीच्या नोकऱ्या या शहरात कोणाच्या वाट्याला आल्या आहेत, ते बर्फाने नकाशासारखे दाखवून दिले.

'एवढा बर्फ पडल्यावर दुसरे काय होणार', असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी त्याच शहराची त्याच वर्षातील दुसरी गोष्ट. अवघ्या पाच आठवड्यांपूर्वी, 17 ते 20 नोव्हेंबर 2022 दरम्यान, बफेलोच्या दक्षिणेकडील उपनगरांत सुमारे 80 इंच बर्फ पडला. नाताळच्या बर्फापेक्षा कितीतरी अधिक. त्या वेळी वारा इतका नव्हता, हे खरे. पण वाहनबंदीही वादळाचा जोर वाढण्यापूर्वी, आदल्या संध्याकाळीच लागली होती. रस्ते मोकळे राहिले, यंत्रे फिरली, मृत्यू त्या मानाने फार थोडे झाले. तेच प्रशासन, तीच माणसे, तीच यंत्रे. नोव्हेंबरमध्ये मात्र नाताळची खरेदी नव्हती.

जुन्या पिढीच्या तोंडी अजून 1977 चे वादळ आहे. 28 जानेवारीला, तोही शुक्रवारच, ते भरदुपारच्या आधी शहरावर कोसळले. गंमत म्हणजे तेव्हा ईरी सरोवर गोठलेले होते, त्यामुळे नवा बर्फ बेताचाच पडला. वाऱ्याने सरोवराच्या पृष्ठभागावर साठलेला कोरडा बर्फ उचलून शहरावर आणून टाकला. 29 जण दगावले. त्या दिवशी हजारो कर्मचारी कार्यालयांतच अडकले, टेबलांवर आणि गालिच्यांवर झोपले, आणि जगले; काही जण मात्र गाडीत बसून घरी निघाले होते, त्यांना बर्फाने तेथेच पुरले. '77 ने दिलेला हा धडा शहराला पाठ होता; 2022 मध्ये तो कामावर पोचलेल्यांच्या उपयोगी पडला, वाटेत असलेल्यांच्या नाही.

हे सारे केवळ एका शहराचे दुर्दैव असते, तर गोष्ट येथे संपली असती. पण त्याच वादळाने सुट्टीतील कामाची दुसरी एक बाजू उघडी पाडली, ती विमानतळांवर. साउथवेस्ट या मोठ्या विमान कंपनीने त्या दहा दिवसांत सुमारे 16,900 उड्डाणे रद्द केली. 20 लाखांहून अधिक प्रवासी ताटकळले. इतर कंपन्या दोन-तीन दिवसांत सावरल्या, ही सावरेना. कारण हवामान नव्हते. तिची विमाने एका मोठ्या केंद्रावरून सुटून तेथेच परतण्याऐवजी दिवसभर गावोगाव फिरत पुढे जातात. एक कडी तुटली, की वैमानिक एका शहरात, विमान दुसऱ्या शहरात आणि प्रवासी तिसऱ्या शहरात अशी स्थिती होते. कोण कुठे आहे हे जुळवणारी संगणक प्रणाली जुनी होती. तिने हात टेकले. मग वैमानिक आणि हवाई सेविका यांनी आपण कुठे आहोत हे सांगायला मुख्यालयाला फोन करायचे, आणि तासन् तास तो कानाला धरून बसायचे! कामावर यायला तयार असलेली माणसे, उडायला तयार असलेली विमाने, आणि दोघांची गाठ नाही.

डेन्व्हरला 21 डिसेंबर रोजी तासाभरात तापमान सुमारे 20 अंश सेल्सियसने कोसळले होते. तेथे धावपट्टीवर सामान चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कामगारांपैकी बरेच जण आजारी असल्याचे कळवू लागले, तेव्हा कंपनीच्या व्यवस्थापनाने 'कामकाजाची आणीबाणी' जाहीर केली : जादा तास सक्तीचे, आणि आजारी असल्यास डॉक्टरचा दाखला, नाहीतर नोकरीवर पाणी. उघड्या धावपट्टीवर त्या थंडीत उभे राहणे म्हणजे काय, हे फर्मान काढणाऱ्याने कधी अनुभवले होते की नाही, कोण जाणे. पुढे अमेरिकेच्या परिवहन खात्याने या सगळ्या गोंधळाबद्दल कंपनीला 14 कोटी डॉलरचा दंड केला, तोवर त्या देशाच्या इतिहासात अशा प्रकारचा सर्वांत मोठा. दंड प्रवाशांच्या हक्कांसाठी होता. धावपट्टीवर गारठलेल्यांचा त्यात उल्लेखही नव्हता.

अमेरिकेतील कायदा या बाबतीत काय म्हणतो, हे तेथे शिकायला वा नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांनी जाणून घ्यावे असे आहे. खासगी मालकाने नाताळची पगारी सुट्टी द्यावी, किंवा त्या दिवशी काम करून घेतल्यास जादा दर द्यावा, असे कोणताही केंद्रीय कायदा सांगत नाही. ते करारावर आणि रिवाजावर अवलंबून. वादळामुळे कचेरी दोन दिवस बंद राहिली, तर मासिक वेतनावरील बहुतेक अधिकाऱ्यांचा पगार कापता येत नाही. तासावर मजुरी घेणाऱ्याला मात्र जितके तास काम, तितकेच पैसे. न्यूयॉर्क राज्यात एक दिलासा आहे : बोलावल्यावरून कामावर पोचलेल्याला परत पाठवले, तरी चार तासांची (किंवा पाळी त्याहून लहान असल्यास तेवढ्या तासांची) किमान मजुरी द्यावी लागते. नियम चांगल्या हेतूने केलेला आहे, पण त्याचा लाभ घ्यायला आधी पोचावे लागते! जर्मनीने याच दुखण्यावर वेगळा उपाय योजला आहे. तेथील बांधकाम कामगाराचे काम डिसेंबर ते मार्च या काळात हवामानामुळे बंद पडले, तर बुडालेल्या निव्वळ वेतनाचा 60 टक्के भाग, घरात मूल असल्यास 67 टक्के, त्याला रोजगार विम्याच्या व्यवस्थेतून मिळतो. मग घरी थांबण्यासाठी त्याला कोणाची मनधरणी करावी लागत नाही.

हे वाचून आपण हायसे वाटून घ्यावे अशी परिस्थिती नाही. गोव्यात बर्फ पडत नाही, पण नाताळ ते नववर्ष हा आपल्या हॉटेलांतील, बेकऱ्यांतील, टॅक्सीवरील माणसांचा सुट्टीचा नव्हे तर राबण्याचा काळ असतो, आणि इशारा मिळूनही कामावर राहिलेल्या माणसांची कथा आपल्या समुद्रानेही पाहिली आहे. मे 2021 मध्ये 'तौक्ते' चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याला झोडपून उत्तरेकडे सरकले. हवामान खात्याचा इशारा काही दिवस आधीच आलेला होता. तरी मुंबईजवळच्या तेलक्षेत्रातील 'पी-305' या बार्जवर 260 च्या आसपास माणसे होती. नांगर तुटले, बार्ज बुडाली, नौदलाने शर्थ करून बऱ्याच जणांना वाचवले, पण अनेक जण परतले नाहीत. तेथेही प्रश्न अंदाजाचा नव्हता. 'आता काम थांबवा, माणसे किनाऱ्यावर आणा' हे कोणी, केव्हा म्हणायचे, एवढाच होता.

पुन्हा बफेलोकडे. जे अडकले आणि तरले, ते कसे तरले हे सांगणे उपयोगाचे आहे, कारण आपल्यापैकी कोणाचे ना कोणाचे मूल या थंडीत त्या रस्त्यावर गाडी चालवत असेल. गाडी रुतली तर ती सोडून चालत सुटू नये. दहा पावलांवरचे घर दिसत नाही, दिशा कळत नाही, आणि शोधणाऱ्याला मोटार सापडते, माणूस सापडत नाही. इंजिन सतत चालू ठेवू नये. तासाला दहा मिनिटे पुरे, आणि प्रत्येक वेळी सुरू करण्यापूर्वी धुराच्या नळीभोवतीचा बर्फ बाजूला करावा. ती नळी बुजली, तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. थंडीची गुंगी आणि त्याची गुंगी यांतला फरक बसल्या माणसाला कळत नाही. म्हणून खिडकी बोटभर उघडी ठेवायची. हातपाय हलवत राहायचे. आरशाला वा अँटेनाला एखादे भडक रंगाचे कापड बांधायचे. आणि वादळ थांबल्यावर फावडे घेऊन अंगणातला बर्फ एका दमात उपसायला जाऊ नये. थंडीत रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, रक्तदाब वाढलेला असतो, त्यात हा अवजड व्यायाम. पन्नाशीपुढच्यांनी तर तो शेजारच्या तरुणावर सोपवावा, त्यात कमीपणा नाही. इकडच्या घरच्यांसाठी एकच : अडकलेल्या माणसाला दर दहा मिनिटांनी फोन करू नका. त्याच्या फोनमधली बॅटरी ही त्या रात्री त्याची सर्वांत मोलाची वस्तू असते. एकदा ठावठिकाणा विचारून घ्यावा आणि पुढच्या संपर्काची वेळ ठरवून घ्यावी.

काही जणांना अनोळखी दारांनी वाचवले. दक्षिण कोरियाचे काही पर्यटक नायगारा पाहायला निघाले होते. त्यांची गाडी रुतली, आणि त्यांनी फावडे मागण्यासाठी जवळच्या घराचे दार ठोठावले. घरच्या जोडप्याने फावडे देण्याऐवजी सगळ्यांनाच आत घेतले. त्या घरात योगायोगाने कोरियन स्वयंपाकाचे सामान होते, तेव्हा पाहुण्यांनीच रांधले, आणि नाताळ तसा साजरा झाला. आणखी एका ठिकाणी एका वाहन दुरुस्ती कारागिराने शाळेची खिडकी फोडली, रस्त्यावर अडकलेल्या दोन डझन माणसांना आत नेले, आणि निघताना 'खिडकी फोडल्याबद्दल क्षमस्व' अशी चिठ्ठी ठेवली. पोलीस नंतर त्याला शोधत आले, ते आभार मानायला.

जानेवारी 2024 मध्ये बफेलोवर पुन्हा तसेच वादळ चालून आले. त्या रविवारी शहरातील अमेरिकन फुटबॉल संघाचा बाद फेरीचा सामना होता. हजारो तिकिटे विकलेली, सारे राज्य दूरचित्रवाणीसमोर बसणार. या वेळी काउंटीत वाहनबंदी आदल्या रात्री, शनिवारी नऊ वाजता लागू झाली आणि सामना सोमवारवर ढकलला गेला. प्रेक्षागृहातील बर्फ उपसण्यासाठी संघाने माणसे मागवली : दर तासाला 20 डॉलर, वर जेवण.